नात्याचा रकाना

रेजिना,
१८ जानेवारी २००९

चि. सौ. सीमास,

उणे बत्तीस तापमानातून आशीर्वाद. पोचेपर्यंत गोठले असतील तर मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट ठेवून मग स्वीकारावेत.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आलो होतो, म्हणून 'छान, छान' एवढंच म्हणालो. तुझ्या माधवीवहिनीचं म्हणणं, दुसऱ्या 'छान'ला माझा आवाज दाराच्या बिजागरीसारखा आला. तो थंडीचा परिणाम. ईमेलवर तुझं ते रोमन लिपीतलं मराठी मला वाचवत नाही, तेव्हा सविस्तर अभिनंदन कागदावर करतो.

तर गेल्या वसंतापासून तू कोणाला पत्ता न लागू देता सीमेपलीकडे अमेरिकेतल्या एका कॉलेजात क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीला नाव घातलं आहेस. वर्गात बसायचं नाही, नुसत्या परीक्षा द्यायच्या, आणि पास झालं की अख्ख्या सत्राचं क्रेडिट पदरात. मानसशास्त्राची ओळख दीड तासात. समाजशास्त्र पुढच्या शनिवारी, ग्रोसरीला जाता जाता. आमच्या पाठशाळेत न्यायशास्त्राचं पहिलं पान शिकवायला गुरुजींनी सगळा चातुर्मास घेतला होता. त्यांना बिचाऱ्यांना ही सोय कोणी सांगितली नाही.

तुला ठाऊक आहेच, तरी सांगतो, कारण माधवी आता ऐकत नाही: मीही इथल्या विद्यापीठात जस्टिस स्टडीज करतो आहे. लायब्ररीतलं काउंटर आवरायचं, दोन बस बदलून कॅम्पसवर जायचं, एका हिवाळ्यात एक कोर्स. सुरुवात केली तेव्हा आमची चैत्राली शाळेत होती. आता तिचं लग्न होऊन ती फ्रेंच मुलखात, ब्रॉसार्डला असते आणि नवऱ्याशी फ्रेंचमध्ये भांडते. माझे अजून दोन कोर्स बाकी आहेत.

आणि तुझं नागपूरचं अर्धवट राहिलेलं बी.कॉम. त्यातलीही दोन वर्षं त्यांनी जमेला धरली म्हणालीस. माझ्या पुण्याच्या संपूर्ण संस्कृत एम.ए.ची इथल्या लोकांनी 'एक ऐच्छिक विषय' अशी किंमत केली होती. मी काही बोलत नाही.

शंका एकच. पाकिटातल्या पिठाची इडली दिसायला इडलीसारखीच दिसते, प्रश्न खाताना येतो. ही डिग्री नोकरीत चालते ना, एवढं विचारून घेतलं आहेस ना? मोठा भाऊ म्हणून विचारलं.

दिलीपरावांना नमस्कार, ऊर्मीला आशीर्वाद, म्हणजे तिच्या भाषेत 'हाय'.

तुझा, बेसमेंटमध्ये ओवाळलेला,
दादा

•

सस्काटून,
९ फेब्रुवारी २००९

ती. चारुदादास,

सा. न. आशीर्वाद मायक्रोवेव्ह केले. कडेने गरम झाले, मध्ये थंडच राहिले.

डिग्री चालते. एचआरला लेखी विचारलं, त्यांनी लेखी सांगितलं. आता का करतेय तेही सांगते, म्हणजे तू इडलीवरून उठशील.

तुरुंगातून सुटलेली माणसं घरी जायच्या आधी ज्या हाफवे हाऊसमध्ये राहतात, तिथे मी इतकी वर्षं काम करतेय हे तुला माहीतच आहे. गेल्या वर्षापासून सुपरवायझरची जागा रिकामी आहे आणि ते काम मीच बघते. पण कागदावर मी 'अ‍ॅक्टिंग'. नाटकातल्यासारखी. जूनअखेर ती जागा पक्की भरणार, आणि त्याला डिग्री पाहिजे म्हणजे पाहिजेच, सब्जेक्टही जस्टिसचाच. तीस जूनपर्यंत सगळी क्रेडिट्स पूर्ण झाल्याचं कॉलेजचं पत्र दाखवलं तर जागा माझी. नाहीतर बाहेरून कोणीतरी येईल, मी त्याला फायली कुठे असतात ते दाखवीन, आणि परत बोलावतील तेव्हाच जाणारी ऑन-कॉल होईन. दर हिवाळ्यात एक कोर्स करायला माझ्याकडे तुझ्याइतके हिवाळे नाहीत रे.

सध्या किचनच्या सगळ्या कपाटांवर माझ्या चिठ्ठ्या आहेत. साखरेच्या कपाटावर 'पॅरोल', डाळींच्या कपाटावर 'प्रोबेशन'. दिलीप परवा विचारत होता, हिंग कुठल्या गुन्ह्यात आहे. ऊर्मी माझी उजळणी घेते. चुकलं की म्हणते, 'मॉम, दॅट्स लाइक, सो बेसिक.' तिला मी लहानपणी पाढ्यांवरून जे बोलले ते सगळं वसूल करतेय.

एक काम. सोबतच्या चिठ्ठीवर एका क्रिमिनॉलॉजीच्या पुस्तकाचं नाव आहे. इथे ते नाही, तुमच्या लायब्ररीत एक प्रत आहे असं कॉम्प्युटर सांगतो. इंटरलायब्ररी लोनवर पाठवशील? मार्चच्या शेवटी परीक्षा आहे.

पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या पॉटलकला येणार ना? तुझ्या हातात माईक, माझ्या हातात चटणीचं पातेलं. नेहमीप्रमाणे.

सीमा

•

रेजिना,
४ मार्च २००९

चि. सौ. सीमास,

आज तापमान उणे नऊ, म्हणजे आशीर्वाद थेट वापरता येतील.

तुझं पुस्तक एका वाचकाने नेलं आहे. परतीची तारीख एप्रिलची. वाचकाचं नाव सांगणं आमच्या नियमांत बसत नाही, आणि ग्रंथपालाने नियम मोडायचे म्हणजे पुजाऱ्यानेच नैवेद्याला तोंड लावण्यासारखं. परत आलं की पहिल्या टपालाने पाठवतो.

मार्चची परीक्षा त्या पुस्तकाशिवाय देऊ नकोस, असं सुचवतो. एवढी घाई का? विद्या मुरावी लागते. तू लोणचं घालतेस तेव्हा दुसऱ्या दिवशी बरणी उघडतेस का?

आमच्या वर्गात या सत्रात 'न्यायालयीन पुरावा' चालू आहे. प्राध्यापक माझ्या मुलाच्या वयाचा शोभेल. तो मला 'सर' म्हणतो आणि बी-मायनस देतो.

सुपरवायझर झालीस तर तुझ्या हाताखाली किती माणसं? सहज विचारलं.

दादा

•

सस्काटून,
११ मे २००९

ती. चारुदादास,

सा. न. पुस्तक एप्रिलमध्ये पोचलं. परीक्षा मी त्याच्याशिवायच मार्चमध्ये दिली होती आणि पास झाले. तरी पुस्तक उघडून बघितलं. तुमच्या त्या गोपनीय वाचकाला चिवडा खात वाचायची सवय दिसते. चाळिसाव्या पानावर हळद आहे, दोन शेंगदाण्यांची सालं आहेत, आणि पंचेचाळीसनंतर पानं कोरी करकरीत आहेत. त्याला सांग, पुढे जास्त इंटरेस्टिंग आहे.

असू दे. आता एकच परीक्षा राहिली, आणि ती नेमकी अडलीय.

बाकीच्या सगळ्या मी इथल्या टेस्टिंग सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर दिल्या. ही शेवटची कागदावरची आहे. एक दुसरी अमेरिकन युनिव्हर्सिटी घेते, माझं कॉलेज क्रेडिट देतं. ते पेपर टपालाने प्रॉक्टरकडे पाठवतात. प्रॉक्टरने तो बंद लिफाफा समोर फोडायचा, आपण लिहिताना समोर बसायचं, आणि परत सील करून पाठवायचा. आमचं सेंटर दुरुस्तीसाठी बंद झालंय, जुलैत उघडेल. इथल्या लायब्ररीत विचारलं, त्यांचं जूनअखेरपर्यंत फुल आहे. मॅनेजर चालत नाही, कारण ती माझी बॉस.

पण लायब्ररियन चालतो. कुठल्याही गावचा. आणि तुमच्याकडे बाहेरच्या लोकांच्या परीक्षा होतात हे तूच मागे सांगितलं होतंस. मी बसने येईन, पेपर देईन, संध्याकाळी परत. फॉर्म सोबत आहे. तू भरून, सही करून परस्पर त्यांना पाठवायचास. त्यात एक रकाना आहे, 'उमेदवाराशी नातं'. तिथे 'नाही' लिही. नातेवाईक चालत नाही म्हणतात. तू मानलेला भाऊ, आडनाव वेगळं, गाव वेगळं, तू पुण्याचा मी नागपूरची, त्यामुळे काही खोटं होणार नाही.

दादा, उशीर करू नकोस. पेपर येऊन, तपासून, पत्र यायला सगळा जून लागेल.

सीमा

•

रेजिना,
२३ मे २००९

चि. सौ. सीमास,

तुझा फॉर्म मिळाला. दोन दिवस टेबलावर ठेवला. त्या रकान्यावर माझं पेन अडून राहिलं.

सीमा, मी 'नाही' कसं लिहू? आपल्या शास्त्रात एखादी गोष्ट सिद्ध करायला प्रमाणं लागतात. तू इथे आलीस त्या वर्षीची भाऊबीज आठव. मी तेव्हा सस्काटूनलाच होतो, तुमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. तुझ्या बेसमेंटमध्ये पाट नव्हता म्हणून मी मायक्रोवेव्हच्या खोक्यावर बसलो. तू निरांजन ओवाळलंस आणि धुराचा भोंगा वाजला. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं, हे उदाहरण आम्ही लहानपणी घोकलं. त्या दिवशी धूर तुझा होता आणि अनुमान अग्निशामक दलाने केलं. चार फायरमन बूट घालून आत आले तेव्हा माझ्या कपाळावर तुझं कुंकू होतं. त्यांतल्या एकाला वाटलं, मला लागलंय. एवढे साक्षीदार असताना मी एका विद्यापीठाला लेखी कळवू की ही बाई माझी कोणी नाही?

म्हणून मी जे खरं तेच लिहिलं. 'ब्रदर.' खाली सही केली आणि फॉर्म परवा रवाना केला.

ते मला नाकारतील, याची कल्पना आहे. पण ज्या डिग्रीचं नावच न्याय, तिची शेवटची पायरी असत्यावर नको. तू दुसरा कोणी शोधशील. नाही सापडला तर सप्टेंबरमध्ये दे. विद्या कुठे पळून जात नाही. मी नाही का थांबलो?

रागावू नकोस.

तुझा,
दादा

•

सस्काटून,
२ जून २००९

चारुदादा,

सा. न. वगैरे आज नाही.

त्या लोकांचा ईमेल आला. प्रॉक्टर नामंजूर, कारण सख्खा नातेवाईक. नवीन फॉर्म पाठवा, नवीन फॉर्म मिळाल्यावरच पेपर निघेल. तुझ्या सत्यामुळे माझे तीन आठवडे गेले. दिलीप म्हणाला, फोन कर आणि भांड. फोनवर तू संस्कृत बोलशील आणि मी रडेन, म्हणून लिहितेय.

मी तुझी बहीण. बरं. चैत्रालीच्या लग्नात मी चौदाव्या टेबलावर होते, तुझ्या लायब्ररीतल्या पार्किंगवाल्या माणसाशेजारी. ते मला चाललं, माणूस चांगला होता. पण व्याह्यांना तू काय सांगितलंस? 'या सस्काटूनच्या आमच्या ओळखीच्या.' मी तिथेच उभी होते, हातात अक्षता होत्या. लग्नात ओळखीची, आणि अमेरिकेच्या फॉर्मवर सख्खी. तुझं बहिणीचं नातं फक्त मला अडवायलाच उपयोगी पडतं का?

अजून आहे. काल मी तुमच्या लायब्ररीत फोन केला. तू ब्रेकवर होतास. डोरीनने उचलला. मी कोण ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं, तुमच्याकडे परीक्षेला बसवतात का. ती म्हणाली, 'शुअर हन, मीच बसवते, आठवड्याला दोन-तीन असतात.' दादा, डोरीन तुझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तू माझा फॉर्म डावीकडे सरकवायचा होतास. खुर्चीतून उठावंही लागलं नसतं.

मग मी नाव सांगितलं. तर ती म्हणते, 'ओह, यू आर द सिस्टर!' तिला सगळं माहीत. मी कुठल्या परीक्षा दिल्या, कधी दिल्या, किती मार्क पडले. म्हणाली, तो सारखा तुझंच बोलतो, त्याच्या आधी तुझी डिग्री होणार म्हणून त्याला जेवण जात नाही. तिला वाटलं, ती कौतुकाने सांगतेय.

म्हणजे तुला इंग्रजीत मी बहीण आणि मराठीत ओळखीची.

मंडळात गेली इतकी वर्षं सगळे तुला 'विद्वान' म्हणतात. मीही म्हणते. मला कोणी काही म्हणत नाही, चटणी चांगली झाली म्हणतात. तुझ्या एम.ए.चा मला कधी हेवा वाटला नसेल असं समजू नकोस. वाटला. पण मी तुझं पुस्तक लपवून ठेवलं नाही.

डोरीनने फॉर्म भरून फॅक्स केलाय. पेपर तिच्याकडे येणार. मी एकोणीस जूनला सकाळच्या बसने येतेय. डेपोवर घ्यायला येऊ नकोस.

सीमा

•

रेजिना,
२० जून २००९

चि. सीमास,

डेपोवर आलो नाही. तू तसं लिहिलं होतंस.

काल तू काचेच्या खोलीत बसलीस ती जागा माझ्या टेबलावरून दिसते. मी दिवसभर परत आलेली पुस्तकं लावली. पुस्तकांची एकच गाडी दोनदा लावली, असं डोरीन म्हणते. तू पेपर उलटून ठेवून डोळे मिटलेस तेव्हा मला वाटलं, अडली. मला बरं वाटलं. मग तू परत लिहायला लागलीस. तेव्हाही बरं वाटलं, पण आधीचं आधी वाटलं, हे लिहून ठेवतो.

चहाचा थर्मास माझा होता. आत द्यायला डोरीनने नाही सांगितलं, खोलीत पाण्याशिवाय काही चालत नाही. बाहेर आल्यावर देईन म्हणून ठेवला, तर तू मागच्या दाराने गेलीस. तुझ्याजवळ विंडब्रेकरही नव्हता आणि वारा सुटला होता. चहा मीच प्यालो. वेलची जास्त झाली होती.

माधवीने तुझं पत्र वाचलं. मी वाचायला दिलं नव्हतं, तिने घेतलं. मग ती म्हणाली, 'तुम्ही ज्याला सत्य म्हणता ना, त्याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.' मी उगाच कोश काढून बसलो. 'मत्सर' हा शब्द 'मत्स्य'च्या अगदी आधी सापडतो. सहा शत्रूंपैकी पाच माझ्या वयाला टेकून दमले आहेत सीमा, एकाला तर सांधेदुखीच झाली आहे. हा सहावा मात्र अजून दोन-दोन जिने चढतो.

चौदाव्या टेबलाबद्दल उत्तर लिहायला बसलो. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा चांगलं मराठी झालं, म्हणून तिन्ही वेळा फाडलं.

निकाल कळव. नाही कळवलास तरी डोरीन सांगेलच.

चारुदत्त

•

सस्काटून,
१२ ऑक्टोबर २००९

ती. दादास,

सा. न.

उन्हाळाभर पत्र लिहिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणणार होते, पण तू लगेच त्याला प्रमाण मागशील. इच्छा नव्हती.

कॉलेजचं पत्र एकोणतीस जूनला दुपारी आलं. मी ते एचआरला नेऊन दिलं तेव्हा तिथली बाई कोट घालत होती. जागा पक्की झाली. तू मार्चमध्ये विचारलं होतंस, हाताखाली किती माणसं. सहा. तुझ्या मनात जास्त आकडा असेल तर तो काढून टाक, आणि कमी असेल तर वाढव.

डिग्री ऑगस्टमध्ये आली. कुरिअरने, वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये. दारावर सही घेऊन माणूस निघून गेला. मी घरातच होते, हात पिठाचे होते. ऊर्मी म्हणाली, 'दॅट्स इट? नो हॅट?' म्हटलं, नो हॅट. मग तिने पिझ्झा मागवला.

येत्या सोमवारी भाऊबीज. या वर्षी काही पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण अडचण अशी आहे की तू लेखी दिलंयस. मी तुझी बहीण आहे असं तू स्वतःच्या सहीने एका अमेरिकन विद्यापीठाला कळवलंस, आणि त्यांनी ते मान्य करून तुला नाकारलं. ते रेकॉर्डला गेलंय. आता मी मोडू म्हटलं तरी मोडत नाही.

सोबत बेसनाचे लाडू. कुंकवाची पुडी आहे, माधवीवहिनी लावतील. निरांजन पाठवलं नाही, तुमच्या घरात भोंगा आहे.

चिवडा मुद्दाम पाठवत नाहीये. पुस्तकं खराब होतात.

सीमा

•

रेजिना,
१७ जानेवारी २०१०

चि. सौ. सीमास,

आशीर्वाद. तापमानाचा उल्लेख गाळतो, तुला आता हाताखाली सहा माणसं आहेत, त्यांतलं कोणीतरी सांगेल.

लाडू पोचले होते हे फोनवर सांगितलं आहेच. मोजले नाहीत. माधवीने मोजले आणि माझ्यावर शंका घेतली.

मुख्य विषय. इतकी वर्षं मी जिथे कोर्समागून कोर्स करतो आहे, त्या आमच्या विद्यापीठातही वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट घेण्याची सोय आहे. फक्त शेवटच्या काही कोर्सांसाठी, खात्याची परवानगी घेऊन, पण आहे. मी कधी विचारलंच नव्हतं. डोरीनला माहीत होतं. तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'मला वाटलं, तुला बस आवडते.'

दोन्ही राहिलेल्या कोर्सांचा अर्ज केला. एक परीक्षा डिसेंबरमध्ये दिली, पास झालो. बी-प्लस. वर्गात बसून मला कधी मिळाला नव्हता, याचा अर्थ मी अजून लावलेला नाही. तुला त्या विषयात किती होते ते मला डोरीनकडून माहीत आहे. तू सांगू नकोस.

आता दुसरी, फेब्रुवारीत. कॅम्पस माझ्या घरापासून दोन बसवर आहे, तिथे जाऊन बसणं सर्वांत सोपं. परंतु जे परगावी असतात त्यांना टपालाने पेपर पाठवण्याची व्यवस्था आहे, आणि त्या आठवड्यात मी सस्काटूनला असेन, असं मी विद्यापीठाला कळवून बसलो आहे. ते खरं व्हावं, अशी इच्छा आहे. मागच्या वर्षी मी सत्याबद्दल बरंच लिहिलं होतं, त्यामुळे या वेळी आधी बोललो आहे आणि सत्य मागून येण्याची वाट बघतो आहे.

पर्यवेक्षक म्हणून सामाजिक संस्थेतला सुपरवायझर चालतो, असं नियमात आहे. फॉर्म सोबत आहे. तो तू भरून परस्पर पाठवायचास. त्यातही तो रकाना आहे. तू तिथे 'नाही' लिहिलंस तरी मी समजून घेईन. किंबहुना तसंच लिहिलंस तर माझी डिग्री या वसंतात होईल. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि माझ्याकडेही तेवढे हिवाळे आहेत असं आता वाटत नाही.

तेव्हा सगळं तुझ्या पेनात आहे. मागच्या वर्षी माझ्या पेनात होतं, तेव्हा काय झालं ते आठवून हे लिहितो आहे.

चैत्राली मे महिन्यात व्याह्यांना घेऊन येणार आहे. पदवीदान जमलं तर त्यासाठी, न जमलं तरी जेवायला. तू, दिलीपराव आणि ऊर्मी यांनी यायचं आहे. घरातलं टेबल एकच आहे.

दादा

•

सस्काटून,
३१ जानेवारी २०१०

ती. दादास,

सा. न. तू येतोयस हे दिलीपला सांगितलं. तो बेसमेंटमधलं गेस्टरूम आवरतोय, म्हणजे माझी पुस्तकं गराजमध्ये नेतोय. विंटर टायर्स चांगले असतील तरच गाडीने ये, नाहीतर बस पकड. तुला बस आवडते.

आधी एक सांगून टाकते. तुला गाऊन मिळणार, स्टेजवर नाव पुकारणार, चैत्राली फोटो काढणार, ब्रॉसार्डचे व्याही टाळ्या वाजवणार. मला कुरिअरवाला मिळाला होता. हे वाचून मला काय झालं ते, तू 'लिहून ठेवतो' म्हणालास तसं, मीही लिहून ठेवते: झालं. दिवसभर झालं. मग संध्याकाळी साडी कुठली नेसायची याचा विचार करायला लागले. सहावा शत्रू आमच्याकडेही येऊन-जाऊन असतो, फक्त तुझ्याकडे त्याला जेवायला ठेवून घेतात.

मेमध्ये आम्ही येतोय. ऊर्मी म्हणाली, 'इज देअर अ हॅट?' म्हटलं, मामाला आहे.

आता फॉर्म. नात्याच्या रकान्यात मी 'सिस्टर' लिहिलं, खाली सही केली, हाफवे हाऊसचा शिक्का मारला आणि फॉर्म काल परस्पर पाठवून दिला. त्यामुळे पर्यवेक्षक नामंजूर झाल्याचं पत्र तुला येत्या आठवड्यात येईल. ते आलं की नीट ठेव. आता दोन्ही बाजूंनी लेखी झालं.

घाबरून माधवीवहिनींना उठवू नकोस, पुढे वाच. माझ्या शेजारच्या टेबलावर राजरत्न बसतो. तोही नागपूरचा, इथे माझ्याच पदावर, दुसऱ्या शिफ्टचा. तुझं त्याचं काही नातं नाही, त्याने तुला पाहिलेलंही नाही, आणि पाहिल्यावरही नातं लावायची शक्यता कमी आहे. फार कडक आहे, पाण्याची बाटलीसुद्धा लेबल काढून आत नेऊ देतो. त्याने त्याचा फॉर्म भरला, आणि तो मी माझ्याच लिफाफ्यात, माझ्या फॉर्मच्या मागे घातला.

मी बाहेर चहा घेऊन बसेन. मागचं दार आमच्याकडे कुलूप लावलेलं असतं.

आणि दादा, एका लिफाफ्यात दोन फॉर्म घातले तरी तिकीट तेवढंच लागतं. मी पोस्टात वजन करून घेतलं.

तुझी,
सीमा